फोटोत आलेली, फोटोत न आलेली

आमच्या तालुक्यात बसचा प्रश्न निघाला की पेपरात एक फोटो यायचा. जीपच्या मागच्या पायरीवर एक मुलगी उभी आहे. एका हातानं टपाची शिडी धरलेली, ओढणी वाऱ्यावर, तोंड उघडं. खाली बारीक अक्षरात 'संग्रहित छायाचित्र'. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी भीतीनं ओरडतेय. ती ओरडत नव्हती, हसत होती. मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांची नक्कल करत होते आणि ती माझ्या शेजारी, त्याच पायरीवर, हसून हसून बेजार झाली होती.

मी त्या फोटोत नाही. माझा फक्त एक हात आहे.

आम्ही दोघी रिहे गावच्या. घरं लांब होती, पण शेतं बांधाला बांध लागून. पहिलीपासून एका बाकावर बसलो, आणि बारावी कॉमर्सला पिरंगुटच्या कॉलेजात गेलो तेव्हाही एकाच बाकावर. ती माझ्यापेक्षा हुशार. हिशेब तोंडी करायची आणि मी वहीत करून होईपर्यंत माझ्याकडे बघत बसायची. तिला बँकेत लागायचं होतं. "काचंच्या मागं, पंख्याखाली," असं म्हणायची. आमच्या दोघींच्या घरात तोवर कुणी पंख्याखाली बसून पगार घेतलेला नव्हता. घरची भातशेती होती, चार म्हशी होत्या, खाऊनपिऊन सुखी होतो, पण पगार म्हणजे काही निराळंच वाटायचं.

सकाळची बस यायची, आली तर. गाडी नादुरुस्त झाली, ड्रायव्हर कमी पडले की आधी आमचंच खोरं वगळलं जायचं. मग जीप. आतल्या बाकांवर म्हातारी माणसं, बाजाराला निघालेल्या बाया, दुधाचे कॅन. कॉलेजच्या पोरांनी टपावर बसायचं आणि पोरींनी, जागा नसली तर, मागच्या पायरीवर उभं राहायचं. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर आवडायचं. मागं पळत जाणारा रस्ता, खाचरं, रिह्याचा डोंगर, आणि बोलायला मोकळीक. आत बसलं की सगळी गावची माणसं कान देऊन असायची.

त्या सकाळी रस्त्यावरच्या खड्ड्यांनी जीप उड्या मारत होती. मी तिचा दंड घट्ट धरला होता, कारण हसताना तिचा तोल जायचा. माझ्या मनगटात वडिलांचं, दादांचं, घड्याळ होतं. स्टीलच्या पट्ट्याचं, मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. सहामाही परीक्षा जवळ आली होती म्हणून त्यांनी मला वापरायला दिलं होतं. सैल व्हायचं म्हणून मी ते कोपराकडं सरकवून ठेवायची. मागून एक मोटरसायकल येत होती. चालवणारा माणूस ओळखीचा होता. पौडला त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढायचा, गेलेल्या माणसाचे फोटो मोठे करून द्यायचा, आणि एका पेपरचा आमच्या भागातला वार्ताहरही तोच. सगळे त्याला भाऊ म्हणत. त्यानं गाडी थांबवली, कॅमेरा डोळ्याला लावला. मला वाटलं, खड्ड्याचा फोटो काढतोय. तेव्हा पेपरात खड्ड्यांचेच फोटो यायचे.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. जिल्ह्याच्या पानावर, वरच्या बाजूला, उभा. मथळा होता, 'जीव मुठीत धरून शिक्षण!'

गावात पेपर दुधाच्या डेअरीवर यायचा. तिथून कुणीतरी तो तिच्या घरी पळत नेला. तिच्या आईनं आधी देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं. पोरगी पेपरात आली होती. तिचे वडील, ज्यांना आम्ही दोघी आबा म्हणायचो, म्हशींची धार काढून आले आणि त्यांनी पेपर हातात घेऊन लांब धरून पाहिला. ते आनंदले होते. मी तिथंच होते. मला थोडा हेवाही वाटला. शेजारी तर मीच उभी होते, मग मी कुठं गेले?

दुपारपर्यंत तोच पेपर डेअरीवर, किराणा दुकानात, देवळाच्या पायरीवर फिरला. आणि फोटोतली पोरगी हसतेय हे गावाला बरोबर दिसलं. पेपरवाल्यांना ओरडणं दिसलं होतं. गावानं तिला जन्मापासून पाहिलेलं. तिचं हसणं कुणाला कळायचं राहतंय? मग त्यांना हात दिसला. फोटोच्या डाव्या कडेनं आत आलेला, रापलेला, लावणीची सवय असलेला हात, त्यावर मोठ्या तबकडीचं घड्याळ, आणि त्या हातानं तिचा दंड धरलेला.

संध्याकाळी तिचे चुलते घरी आले. पेपर त्यांनी सोप्यात टाकला.

"ह्यो हात कुणाचा हाय?"

ती म्हणाली, "काका, तो हिचा हाय की." आणि माझं नाव घेतलं.

मला बोलावणं आलं. मी घड्याळासकट गेले. हात पुढं करून दाखवला. "काका, बगा, ह्ये घड्याळ. दादांचं हाय. मीच हुबी व्हते तिच्याशेजारी."

चुलत्यांनी माझ्याकडे धड बघितलंही नाही. "मैतरणीसाटी खोटं बोलाय लई सोपं आसतं. घड्याळ काय, कुणाचंबी घालून येशील."

"जीपवाल्याला इचारा," ती म्हणाली.

"जीपवाल्याला? म्हंजे आता गावभर इचारत हिंडू व्हय, आमच्या पोरीला कुणी धरली व्हती म्हून?"

आबा खाली बघत बसले होते. त्यांच्या हातात पेपर होता आणि ते त्याची घडी घालत होते, पुन्हा उलगडत होते, पुन्हा घालत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "चार दिस घरी ऱ्हा. बोलणं थांबंस्तवर."

माझे वडील मला घेऊन पौडला गेले. भाऊ दुकानात एका नवरदेवाचा फोटो कात्रीनं कापत बसले होते. आम्ही काय झालं ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"आगं, मी तुमा दोघींचाच पाठवला हुता. तू चांगली आख्खी व्हतीस त्यात. पान लावणाऱ्यानं कापला आसंल. जागा उभी आसंल, मग आडवा फोटो बसायचा कसा?"

"मूळचा फोटो द्या," दादा म्हणाले. "गावात दाखवतो."

पण भाऊंकडं कॅमेऱ्याचं एकच कार्ड होतं. फोटो पाठवले की ते रिकामं करून संध्याकाळच्या लग्नाला वापरायचे. त्यांनी आमच्यासमोर पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या माणसाचा आवाज दुकानात ऐकू येत होता. "खुलासा? अहो, हात कोणाचा होता याचा खुलासा छापतात का कुणी? बातमी जोरात लागलीय. सगळे हललेत. आता तुम्ही बसचं काय होतंय ते पाठवा."

भाऊंनी फोन ठेवला आणि दादांना म्हणाले, "मी येतो गावात. मी सांगतो सगळ्यांला." आणि ते खरंच आले. डेअरीवर उभे राहून त्यांनी सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि ते गेल्यावर म्हणाले की पेपरवाला आपली कातडी वाचवतोय.

सगळे हलले होते हे मात्र खरं. थोड्याच दिवसांत आमच्या खोऱ्यात दोन वेळची बस मंजूर झाली. एक नेता येणार, झेंडा दाखवणार, असं ठरलं. आदल्या दिवशी दोन कार्यकर्ते तिच्या घरी आले. "ताईंना पाठवा. फोटोतल्या ताई पायजेत. त्यांच्यामुळंच तर झालं."

तोवर तिचं कॉलेज सुटलेलं होतं. चार दिवसांचे कधी किती झाले हे कुणी मोजलं नाही. बोर्डाच्या परीक्षेचा अर्जही भरला गेला नाही. पण नेत्याला नाही म्हणणं आबांना जमणारं नव्हतं, आणि चुलत्यांना तर मिरवायलाच मिळालं. तीच माणसं, तोच फोटो, पण आता शेजारी नेता उभा राहणार होता.

ती आली. कॉलेजचा पांढरा ड्रेस इस्त्री करून घातलेला, पाठीला सॅक. कार्यकर्त्यानं सॅक दाबून पाहिली. रिकामी होती.

"ताई, भरलेली दिसू द्या हो जरा. फोटोत बरं दिसत न्हाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझी पुस्तकं काढून तिच्या सॅकमध्ये भरली. मला दुसरं काही सुचलं नाही. ती बसच्या पायरीवर उभी राहिली, नेता खाली, हातात हिरवा झेंडा, ड्रायव्हरच्या गळ्यात हार, बसच्या तोंडाला झेंडूच्या माळा. नारळ फुटला. भाऊंनी फोटो काढला. मग ती खाली उतरली, माझी पुस्तकं मला परत दिली, आणि मी बसमध्ये चढले. खिडकीतून पाहिलं तर ती गर्दीतून बाजूला होऊन घराच्या वाटेला लागली होती.

दुसऱ्या दिवशी फोटोखाली छापलं होतं, 'बस सुरू झाल्याने विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर फुललेले हसू.' त्या फोटोत ती हसत नाही. कुणीही बघावं. पण ओळ छापली की माणसं ओळच बघतात.

त्या बसनं मी बारावी केली, पुढं पदवी केली. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं लग्न झालं, मुळशीला, धरणाजवळ. नवरा चांगला निघाला, हे सांगितलं पाहिजे. कष्टाळू, कमी बोलणारा. शनिवार-रविवार पुण्याची माणसं धरण बघायला येतात, त्यांच्यासाठी दोघांनी जेवणघर काढलं, मग मागं राहायच्या खोल्या बांधल्या. मासे तीच करते. गल्ल्यावर तीच बसते आणि हिशेब अजून तोंडीच करते. तिचं वाटोळं झालं असं कुणी म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. पण काउंटरमागं पंखा फिरताना पाहिला की मला नको ते आठवतं.

मी पदवीनंतर डीटीपी शिकले आणि फिरत फिरत त्याच पेपरच्या ऑफिसात, जिल्ह्याची पानं लावायच्या कामाला लागले. मुद्दाम नव्हे, जाहिरात निघाली होती, मी अर्ज केला. तिथं मला फोटोंची विद्या कळली. खड्ड्याचा फोटो घ्यायचा तर खड्ड्यात पाणी हवं आणि पाण्यात कुणीतरी हवं. नेता असला तर त्यानं खड्ड्याकडं बोट दाखवायचं. रस्त्याचं काम मंजूर झालं की कुदळ, बस आली की झेंडा, बस बंद पडली की थांब्यावर बसलेली म्हातारी. भुकूम-भूगावच्या वाहतूक कोंडीचे फोटो तर इतके सारखे असतात की मागच्या वर्षीचा लावला तरी कुणाला कळत नाही, आणि घाईत असताना लागतोही.

अजून एक नियम होता, कुठं लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे. नेत्याच्या फोटोत कडेला उभ्या माणसाला कापायचं नाही. पान कितीही अडलं तरी चालेल, दुसरी बातमी छोटी करा, पण कडेचा माणूस ठेवा. कारण तो सकाळी फोन करतो. तो नाही तर त्याचा भाऊ करतो. एकदा एका उद्घाटनाच्या फोटोत मी शेवटच्या माणसाचा खांदा कापला तर दिवसभर फोन वाजत होता. मला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. आमच्या फोटोतली कडेची पोरगी, म्हणजे मी, फोन करणार नव्हती. माझ्या घरी फोनच नव्हता.

मूळचा फोटो मला कामाला लागून बरेच दिवस झाल्यावर सापडला. बसच्या बातमीला जुना फोटो हवा होता म्हणून मी कॉम्प्युटरवरच्या साठ्यात शोधत होते. कापलेला वर होता, आणि त्याच्याच खाली अख्खा. मी उघडला.

त्यात मी होते. सतरा वर्षांची, दोन वेण्या, सरांसारखा चष्मा वर सारल्याचा आव आणत एक हात नाकाशी नेलेला, दुसरा तिच्या दंडावर. आमच्यामागं, जीपच्या आत, एक म्हातारा मांडीवर पोतं घेऊन बसलेला आणि त्याची बायको आमच्याकडं बघून पदराआड हसतेय. दोन पोरी चेष्टा करत कॉलेजला चालल्यात, बाकी त्यात काहीच नाही. मला वाटलं, हा फोटो छापला असता तर बस आली असती का? बहुतेक नसती. हसणाऱ्या दोन मुलींना बघून कुणाला वाटलं असतं की यांना बस हवी?

मी पान लावायचं सोडून तो फोटो बघत बसले. शेजारचे साहेब, आमच्या पानाचे उपसंपादक, म्हणाले, "सापडला का? लावा मग, वेळ होतोय."

"सर, हा दुसरा काहीतरी घेऊ या. ही मुलगी आता मुलगी नाही. हिचं लग्न झालंय, लेक शाळेत जाते हिची."

"वाचकाला काय माहीत? फोटो बोलतोय, बास झालं."

त्या दिवशी मी थांब्यावरच्या म्हातारीचा फोटो लावला. पण पान रोज माझ्याकडं नसायचं. मी सुट्टीवर असले की तिचा फोटो छापून यायचा.

मग निवडणूक आली. आमच्या खोऱ्यातली बस एव्हाना पुन्हा अनियमित झाली होती. बातमी संपली की बसही हळूहळू संपते. घोटवडे फाट्यावर फ्लेक्स लागले. एका बाजूला जीपवरचा फोटो, दहा फुटी, 'इतकी वर्षं सत्तेत होतात, काय दिलंत?' समोरच्या बाजूला झेंड्याचा फोटो, तेवढाच मोठा, 'आम्ही करून दाखवलं.' एकीकडं ती घाबरलेली, एकीकडं आनंदलेली. मधून रस्ता.

तिचा फोन आला. "तू पायलंस का फाट्यावर?"

"पाहिलं."

"पोरगी मागं बसली व्हती गाडीवर. म्हनली, आई, ही तू हायेस का? मी म्हनलं व्हय. मग म्हनली, हसतीयास का रडतीयास?"

मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"सांगितलं, मावशीला इचार."

तेव्हा मी ठरवलं. अख्ख्या फोटोची एक मोठी प्रत काढून घेतली आणि आडवारी, गिऱ्हाईक नसेल अशा दिवशी, मुळशीला गेले. जेवणघर रिकामं होतं. ती मासे साफ करत बसली होती. हात धुऊन, पुसून, तिनं फोटो घेतला. लेक शेजारी येऊन उभी राहिली.

"ही मावशी?" लेक खिदळली. "अशी काय करती?"

"सरांची नक्कल करती. आमचे एक सर व्हते..." आणि तिनं लेकीला ती नक्कल करून दाखवली. इतक्या वर्षांनी, माझ्यापेक्षा चांगली. तिघीही हसलो. मग लेक बाहेर गेली आणि ती फोटोकडं बघत राहिली.

"मला वाटतं," मी म्हणाले, "हा छापला असता तर माझंही कॉलेज सुटलं असतं. दोघींचंही."

"न्हाई," ती म्हणाली. लगेच म्हणाली, जणू यावर तिनं आधीच विचार करून ठेवला होता. "दोघी असतो तर कोण कायबी बोललं नसतं. दोघी पोरी हसत्यात, यात काय हाय? एकटी हसती ती डोळ्यात येती."

ती बरोबर होती, आणि आजवर मी हे उलटंच धरून चालले होते. मी वाचले ती कापल्यामुळं, असं.

ती म्हणाली, "आबांना दाखवूया." मी म्हटलं, कशाला आता. ती म्हणाली, "त्यांच्या मनात काय आसंल इतकी वर्षं. निदान आता तरी जाईल." तिला ते वडिलांसाठी करायचं होतं, स्वतःसाठी नव्हे. म्हणून मी गेले.

रिह्यातलं त्यांचं घर आता बदललंय. खालची शेती एका पुण्याच्या माणसानं फार्महाऊससाठी घेतली, आबांनी उरलेल्या रस्त्याकडच्या जागेवर चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. भाडेकरू विदर्भातली, मराठवाड्यातली पोरं, हिंजवडीला कामाला जाणारी. आबा पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. डोळे अधू झालेत. आम्हाला पाहून खूश झाले. नातीची चौकशी केली, धरणात पाणी किती आहे विचारलं. मग तिनं फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आबा, बगा. आख्खा फोटो घावला. हात हिचाच व्हता, बगा."

त्यांनी फोटो उचलला, जुन्या सवयीनं लांब धरला. बराच वेळ बघितला. माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

"घड्याळ तुज्या बाचं," मला म्हणाले. "आमी दोघं एकदमच घ्याय गेलतो पुण्याला. माजं हारवलं."

ती हसली. "मग आता पटलं ना?"

"पटायचं काय त्यात," आबा म्हणाले. अगदी साधेपणानं म्हणाले. "मला तवाच ठावं व्हतं. घड्याळ वळखलं व्हतं की मी. पर येकेकाच्या दारात जाऊन कुटं सांगत बसायचं? तुजा चुलता आईकंना. आन् आज ना उद्या लगीन करायचंच व्हतं."

मागच्या खोलीत कुणा पोराचा फोन वाजत होता. तिचा चेहरा मी बघू शकले नाही. मी आबांच्या हातातल्या फोटोकडं बघत होते. मग ती उठली. "च्या टाकते," म्हणाली, आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

आबा मला म्हणाले, "येकच सांग, पोरगी सुखात हाय का न्हाई?"

"हाय, आबा."

"मग," ते म्हणाले. आणि फोटो माझ्याकडं दिला.

चहा झाला. तिनं आबांना औषधाच्या गोळ्या घेतल्यात का विचारलं, आईच्या फोटोवरची धूळ पुसली, निघताना पाया पडली. सगळं रीतीप्रमाणं. माझ्या गाडीवर मागं बसून ती पौडपर्यंत आली. पौडला उतरल्यावर म्हणाली, "मला वाटायचं, त्यांना खोटं वाटलं म्हून त्यांनी तसं केलं. मी म्हनायची, जाऊ दे, बाप माणूस, फसला बिचारा." ओढणी सावरली. "राग येत न्हाई गं. पर आता काय म्हनू?"

मीच तो फोटो घेऊन गेले होते. नेला नसता तर तिच्याकडं निदान एक फसलेला बाप राहिला असता. सगळं दिसावं, काही कापलेलं नसावं, असं मला वाटत आलं होतं. अख्खं दिसल्यानं माणसाचं काय जातं हे माझ्या ध्यानात आलं नाही.

निवडणूक झाली, फ्लेक्स उतरले. त्यातला एक आमच्या गावात उलटा करून गवताच्या गंजीवर झाकायला वापरला गेला. मी साहेबांना सगळी हकीकत सांगितली. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, स्वतः उठून आले आणि साठ्यातून कापलेला आणि अख्खा, दोन्ही फोटो काढून टाकायला लावले. "आधी सांगायचं नाही का," म्हणाले. आधी सांगितलं होतं, पण ते मी बोलले नाही.

आता बसच्या बातमीला दुसरा फोटो लागतो. दुसऱ्या खोऱ्यातली, दुसरी मुलगी. टेम्पोच्या फाळक्यावर बसलेली, गुडघे जवळ घेतलेले. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला. पहिल्यांदा आला तेव्हा मी विचारलं, हिचं गाव कोणतं, शेजारी कोण होतं, फोटो कापलाय का. पाठवणाऱ्याला माहीत नव्हतं. त्यालाही तो कुणीतरी पाठवला होता.

मैत्रीण लावणीला माहेरी गेली यंदा. आबांकडं उरलेलं एक खाचर आहे, तेवढं ती आणि तिची लेक लावून आल्या. मी विचारलं, बोललीस का त्यांच्याशी? म्हणाली, "बोलते की. जेवला का, औषध घेतलं का. बापाशी आणिक काय बोलत्यात?" आणि मग मला विचारायला लागली, पुण्यात बोंबील काय भाव मिळतोय, आडवारी यायचं जमंल का, पोरीला गणित कोण शिकवंल.